ओल कुठून येते

९ जानेवारी, गुरुवार

मागच्या खोलीतली पोरं गेली. चौघं होती. हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत कामाला जायची, आणि आता बंगळूरला बदली झाली म्हणून एका दिवसात बोचकी आवळून निघाली. भाड्याला चोख होती, भिंतीला नव्हती. आज कुलूप काढून आत गेलो आणि तसाच बाहेर आलो. एका कोपऱ्यात मारुतीच्या फोटोपुढच्या उदबत्तीची काजळी, आणि त्याच्याच खाली अंडी तळल्याचे तेलकट शिंतोडे. मारुतीनं हे कसं चालवून घेतलं कोण जाणे. ब्रह्मचारी ब्रह्मचाऱ्यांना सांभाळून घेत असतील.

रोहित म्हणतो, पेंटर बोलवू. रोहित म्हणजे माझा मुलगा. कंपन्यांना गाड्या पुरवतो, त्यामुळे सगळ्या कामाला माणूस बोलवायची त्याला सवय झाली आहे. मी म्हणालो, रंग पेंटर देईल, पण खोली मी तयार करतो. शेत विकल्यापासून मी नुसता बसून आहे. सकाळी उठून कुठल्या बिल्डिंगचा कितवा मजला चढला ते बघायचं, एवढाच उद्योग.

ही वही सूनबाईनं, म्हणजे वैष्णवीनं, तिच्या पतसंस्थेतून आणून दिली. म्हणाली, "आण्णा, दिवसभर मनाशी पुटपुटता, त्यापेक्षा लिहा." बायको, तुळजा, गेल्यापासून शिव्या द्यायला हक्काचं माणूस राहिलं नाही, हे खरं आहे. बोलताना मी नेरे गावचा, पण लिहिताना अकरावी पास. म्हणून शुद्ध लिहितोय.

११ जानेवारी, शनिवार

आज एक बाई खोली बघायला आल्या. जयाबाई. पौडच्या दवाखान्यात सिस्टर होत्या, आता रिटायर. मुलगा हिंजवडीच्या टॉवरमध्ये राहतो, त्याच्याकडेच असतात. मग खोली कशाला पाहिजे, असं मी विचारलं. म्हणाल्या, "राहायला." यावर पुढं काय विचारणार.

बाईंनी खोलीभर हिंडून सगळ्या भिंतींवर बोटांनी ठोकून पाहिलं, दवाखान्यात छातीवर ठोकतात तसं. मागच्या भिंतीला तळहात लावून थांबल्या.

"हितं ओल हाय."

"थंडीचे दिवस हायेत. गार लागतं."

"गार काय आन् ओलं काय, मला कळतंय. जन्मभर दुसऱ्याची दुपटी बदललीत."

मी म्हणालो, पुट्टी मारली की सगळं झाकतं. त्यावर म्हणाल्या, "मेलेल्याला पावडर लावायचं काम हाय ते. दादा, आदी भिंत नीट करा. मग मी ठरवीन."

खोली माझी, भिंत माझी, आणि ठरवणार ही. पण मला राग आला तो भलत्याच गोष्टीचा. मी म्हणालो, "दादा नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"समदे भाडेकरू मालक म्हणत्यात."

"बरं. मालक तर मालक."

दारात वैष्णवी उभी होती, ती तोंडाला पदर लावून आत पळाली. हवा बदलली आहे, तिला खोकला झाला असावा.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. खोली रिकामी केली. पोरांनी एक मोडकी खुर्ची, एक फाटकी गादी आणि जिममधली वजनं टाकून ठेवली आहेत. वजनं उचलताना पाठीत उसण भरली. ती उचलून त्या पोरांची अंगं तर काही भरली नव्हती, म्हणजे सगळा भार माझ्यासाठीच राखून ठेवला होता.

खिळे उपटले. माणसं भिंतीत खिळे का ठोकतात याचा एकदा विचार व्हायला हवा. निम्म्या खिळ्यांवर काहीच टांगलेलं नव्हतं.

दाढी केली. धूळ बसली की खाजते.

१६ जानेवारी, गुरुवार

आज पत्रीनं भिंत खरवडली. पोपडे निघतात ते बघायला मजा येते, कुणाचं तरी पितळ उघडं पाडल्यासारखं वाटतं. वरती पिवळा, त्याच्या खाली निळा, त्याच्या खाली गुलाबी. गुलाबी तुळजानं निवडला होता. तेव्हा मी म्हणालो होतो, हा रंग फक्त मिठाईच्या डब्याला शोभतो. ती म्हणाली, मग घर डब्यासारखं दिसू दे, निदान तुमच्या तोंडासारखं तरी दिसणार न्हाई. घर बांधल्यावर आम्ही दोघं आधी याच खोलीत राहिलो.

गुलाबी थोडा वेळ तसाच ठेवला. मग जेवून आलो आणि तोही काढला. चिकट होता.

१७ जानेवारी, शुक्रवार

पुट्टी लावली. छान बसली. लोक उगाच पेंटरला डोक्यावर घेतात.

१९ जानेवारी, रविवार

जयाबाई तिळाचे लाडू घेऊन आल्या. तिळगुळाला रथसप्तमीपर्यंत मुदत असते, पण तिचा असा फायदा घेणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. लाडू मात्र खुसखुशीत होते.

मोठ्या रुबाबात त्यांना भिंत दाखवली. त्यांनी मागच्या भिंतीतल्या मारुतीच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"हितलं तेल धुतलं व्हतं का पुट्टीच्या आदी?"

नव्हतं. मी गप्प बसलो. नवरा गप्प बसला की बायकांना उत्तर कळतं. (इथं 'माणूस' लिहायचं होतं. खोडत नाही, पान घाण होतं.)

बाईंनी पदर खोचला, बादलीत साबणाचं पाणी केलं आणि धुवायला लागल्या. एवढ्या आत्मविश्वासानं, की मला वाटलं त्यांना सगळं माहीत आहे. काही माहीत नव्हतं. कच्ची पुट्टी पाणी लागल्याबरोबर विरघळली आणि लापशीसारखी खाली यायला लागली. मी हातानं थोपवायला गेलो, त्या फडक्यानं थोपवायला गेल्या. थोड्या वेळानं भिंत होती तशी झाली आणि आम्ही दोघं पांढरे झालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली फरशीवर बसून हसायला लागल्या. "भूत दिसतंय मालक तुमचं."

मी रागावलो. म्हणजे रागवायला पाहिजे होतं, ते राहून गेलं.

पुट्टी गेल्यावर मागच्या भिंतीवर ओलीचा डाग स्पष्ट दिसला. मोठा होता, पानशेतच्या नकाशाएवढा. बाईंनी त्यावर पुन्हा तळहात ठेवला. नुसतं बघितलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

२२ जानेवारी, बुधवार

प्लंबर आणला. शेजारच्या जांबे गावचा आहे. त्यानं भिंत फोडली. ओल माझ्याच न्हाणीतून येत होती. नळाचा जोड आतल्या आत गळत होता. प्लंबर म्हणाला, "लई वर्सांचं हाय हे, काका. तुमाला कळलं कसं न्हाई?"

माझ्या भिंतीच्या अलीकडं कोरडं होतं, मला कसं कळणार. पलीकडच्या पोरांनी सोसलं आणि सांगितलं नाही.

जोड बदलला, फोडलेलं लिंपून घेतलं. आता भिंत पुरती सुकेपर्यंत हात लावायचा नाही, असं बजावून गेला. मी खोलीत टेबलफॅन लावला आहे. मोडकी खुर्ची दुरुस्त केली. फॅनवर लक्ष ठेवायला कुणीतरी बसायला हवं.

बाईंना फोन करून सांगितलं, तुमचं खरं होतं. म्हणाल्या, "सुकू द्या. घाई नका करू." आवाज फोनवर वेगळा येतो.

२५ जानेवारी, शनिवार

केस काळे केले. पुट्टीचं पांढरं कुठलं आणि केसांचं कुठलं ते आंघोळीला कळेना, म्हणून.

भिवाजी येऊन गेला. चुलतभाऊ आहे. त्याच्या अंगात दुसरं काही काम करायची ताकद नाही, पण गावात कुणाच्या घरी कोण किती वेळ बसलं ते त्याला विचारावं. खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "गेणबा, पुट्टी भिंतीला लावतुयास का सोताला?"

"भाडेकरूसाठी चाललंय."

"व्हय. भाडेकरूसाठी आजवर तू कदी नळबी बदलला नव्हता."

"आता बदलला. काय म्हननं हाय?"

"माजं काय न्हाई. गाव म्हनतंय."

मी म्हणालो, गावाला म्हणावं हितं येऊन पॉलिशपेपर घास, हातबी चालंल आन् तोंडबी चालंल. गेला. त्याला नेमकं काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक. स्पष्ट बोलायची सवय नाही त्याला.

रात्री जेवताना रोहितनं वेगळाच विषय काढला. म्हणे, खोलीत लोखंडी दुमजली पलंग टाकू, आठ पोरं बसतील. एकट्या बाईला एवढी खोली कशाला?

मी म्हणालो, "खोली हाय का खुराडं?"

"आण्णा, चौघं ठेवली होती तेव्हा तुम्हाला खुराडं वाटलं नाही."

मी ताटावरून उठलो. वैष्णवी मला ताक द्यायला मागं आली. ती नवऱ्यासारखी नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

रविवारी येणार होत्या. आल्या नाहीत. भिंत बरीच सुकली आहे, ती बघायला कुणी नको का?

२९ जानेवारी, बुधवार

आज दिवसभर फाटकाच्या बिजागरीला तेल घातलं. वाट बघत नव्हतो. बिजागरी खरंच करकरत होती.

१ फेब्रुवारी, शनिवार

शेवटी मीच फोन केला. भिंत कोरडी ठणठणीत झाली, हे सांगायला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मालक, खोली दुसऱ्या कुनाला द्या." मुलगा नाही म्हणतो. आई टॉवर सोडून नेऱ्याला भाड्याच्या खोलीत राहायला गेली तर लोक त्याला काय म्हणतील, असं त्याचं म्हणणं. भाडं भरून परक्याच्या दारात राहण्याएवढं तुला इथं काय कमी आहे, असं विचारत होता.

मला वाटलं अडचण भाड्याची आहे. मी मोठ्या मनानं म्हणालो, "मग भाडं नका देऊ. तशाच राहा."

फोन बंद झाला. मी पुन्हा लावला. उचलला नाही.

वैष्णवीला सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "आण्णा, असं म्हणालात तुम्ही?"

"त्यात वाईट काय? फायद्याचंच सांगितलं."

"फुकट राहायचं म्हणजे कोण म्हणून राहायचं त्यांनी? तुमच्या कोण लागतात त्या?"

मी म्हणालो, कुणी नाही. वैष्णवी माझ्याकडे बघत राहिली, लहान पोर पाढे चुकल्यावर मास्तर बघतात तशी. "मग भाडं घ्या," म्हणाली, "आणि तोंडानं जाऊन सांगा. फोनवर तुम्ही माणसं तोडता."

३ फेब्रुवारी, सोमवार

टॉवरला गेलो. गेटवरच्या वॉचमननं हिंदीत विचारलं, कोणाकडं, कशासाठी. आता कशासाठी हे एका शब्दात कसं सांगायचं? मी म्हणालो, "रंग का काम है." त्यानं मला सामानाच्या लिफ्टकडं पाठवलं. वॉशिंग मशीन आणि दोन हमाल यांच्याबरोबर वर गेलो. धुतलेलं धोतर नेसून, केस काळे करून, वॉशिंग मशीनला टेकून उभा. वाटेत एक हमाल म्हणाला, "पेंटर हो क्या, चाचा?" मी हो म्हणालो. खोटं काही नव्हतं.

दार मुलानं उघडलं. ओम नाव आहे. पोरगा वाईट नाही. आत बसवलं, पाणी दिलं, काका म्हणाला. घर चकचकीत आहे. टीव्ही आमच्या फाटकाएवढा. जयाबाई हॉलमधल्या सोफ्यावरची चादर घडी करत होत्या. तो सोफा रात्री उलगडला की पलंग होतो. ओमची घरूनच मीटिंग असली की सकाळी लवकर तो पुन्हा सोफा करावा लागतो.

ओम म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा. आईला इथं काय कमी आहे?"

मी इकडंतिकडं पाहिलं. मला काही कमी दिसेना. खरं सांगायचं तर मी त्याच्या बाजूनंच बोलणार होतो.

तेवढ्यात जयाबाई म्हणाल्या, "दार."

"काय?"

"मला दार न्हाई, ओम. तुमच्या खोलीला हाय. नातीच्या खोलीला हाय. मला कडी लावून घटकाभर बसायचं झालं तर मी बाथरूममधी जाऊन बसते. मग तुमी विचारता, आई, पोट बिघडलंय का."

आवाज चढला नव्हता. पेशंटला औषध समजावून सांगावं तसं बोलल्या. ओम त्या सोफ्याकडं बघत राहिला. रोज बघत असणार, पण आज जरा जास्त वेळ बघितलं.

"तू आधी का नाही बोललीस?"

"बोलायचं म्हनलं तर तुला मीटिंग असती."

मग मी माझं म्हणणं मांडलं. म्हणालो, "भाडं घेनार. पुरं घेनार. तारखेच्या तारखेला पाहिजे. चुकलं तर सामान बाहेर काढीन, सिस्टर म्हनून गय करनार न्हाई."

जयाबाईंनी चादर ठेवली. "आता कसं," म्हणाल्या.

मी सामान बाहेर काढायची धमकी देतोय आणि ही बाई हसते. बायकांचं मला आयुष्यभर कळलं नाही. तुळजा तसं म्हणायचीच.

ओमनं मला खाली सोडायला माणसांच्या लिफ्टनं आणलं. गेटवर म्हणाला, "खोली कशी आहे, काका?" मी म्हणालो, आता कोरडी आहे.

परत येताना हिंजवडीच्या चौकात तासभर अडकलो. गाणं गुणगुणत होतो, असं रिक्षावाला म्हणाला. चांगला भाडेकरू मिळाला की मालकाला समाधान वाटतंच.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल पुट्टीचा पहिला हात मारला. आज रोहित पलंगवाल्याला घेऊन आला, मापं घ्यायला. मी अंगावर धावून जाणार होतो. त्याआधीच वैष्णवी पतसंस्थेतून आली, दारात चप्पल काढता काढता म्हणाली, "रोहित, मोजताच आहात तर हॉलपण मोजून घ्या. आपलं म्हातारपण कुठल्या सोफ्यावर घालवायचं ते आत्ताच ठरवू."

पलंगवाला टेप गुंडाळून गेला. रोहित तासभर गाडी पुसत बसला. नंतर माझ्याकडं येऊन म्हणाला, "आण्णा, पुट्टीचा दुसरा हात मी मारू का?" त्याला जमत नाही. पण मारू दिला.

८ फेब्रुवारी, शनिवार

पॉलिशपेपर झाला. प्रायमर झाला. सगळीकडे धूळ, नाकात, कानात, चहात. खिडकीच्या काचांना चिकटपट्टी लावली, बटणं कागदानं झाकली.

फरशी झाकायला काही मिळेना, तेव्हा रोहितनं चौकातले जुने फ्लेक्स आणले, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे. आम्ही ते चेहरे वर करून अंथरले. गॉगल घातलेले युवानेते, हात जोडलेले भावी नगरसेवक, त्यांच्या मागं आशीर्वाद द्यायला उभी असलेली बारकी बारकी माणसं, सगळ्यांवर प्रायमरचे थेंब पडले. एका कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून भिवाजीचा फोटो सापडला. तिथं मी पाय जरा दाबून ठेवला. गावाच्या विकासाला एवढा हातभार या लोकांनी पहिल्यांदाच लावला.

पेंटरला फोन करणार होतो. जयाबाईंनी नको सांगितलं. खोली तुम्ही केली, रंग मी देईन, म्हणाल्या. कुठला, ते सांगितलं नाही.

खोलीत उभा राहिलो. पांढऱ्या कोऱ्या भिंती. बोललं की आवाज घुमतो. मी एकदोन शब्द बोलून पाहिले.

९ फेब्रुवारी, रविवार

आल्या. ओमनं गाडीनं आणलं. पत्र्याची ट्रंक, गादी, रंगाचे डबे, सगळं त्यानंच आत नेलं, रोहितला हात लावू दिला नाही. निघताना आईच्या पाया पडला आणि खोलीच्या दाराला हात लावून पाहिला. घट्ट आहे का बघत असावा.

मी किल्ली दिली. जयाबाईंनी हात तसाच पुढं ठेवला.

"दुसरी?"

"एक मालकाकडं असावी लागती."

"का?"

मी विचार केला. एवढ्या वर्षांत कुठल्याच भाडेकरूनं हे विचारलं नव्हतं.  कमरेच्या जुडग्यातून दुसरी किल्ली काढून दिली. त्यांनी दोन्ही बटव्यात टाकल्या, आत गेल्या आणि दार लावलं. आतून कडीचा आवाज आला. घर बांधताना ती कडी मीच निवडून आणली होती, पण बाहेरून तिचा आवाज कसा येतो ते आज कळलं.

दुपारभर रंगाचा वास येत होता. मधेच काहीतरी पडल्याचा आवाज, मधेच गुणगुणणं. मी अंगणात होतो. अंगणात मला कामं असतात.

चारला वैष्णवीनं ट्रेमध्ये दोन कप ठेवले आणि माझ्या हातात दिले. म्हणाली, "आण्णा, तुम्हीच न्या. मला मळायचंय." संध्याकाळच्या भाकरीचं पीठ ती चारला कधी मळत नाही.

दारापाशी जाऊन उभा राहिलो. हे घर मी बांधलं. यातल्या एकाही दारावर आजवर थाप मारलेली नाही. ढकलायचं आणि आत जायचं, हीच रीत. आज दोन्ही हातांत ट्रे होता, म्हणून कोपरानं वाजवलं.

"कोन हाय?"

साधा प्रश्न होता. 'मालक' हे उत्तर तोंडापर्यंत आलं होतं.

"गेणबा," मी म्हणालो.

आत ब्रश डब्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं. मग, "थांबा, उघडते. पन भिंतीला टेकू नका, ओली हाय."

कडी निघायला जरा वेळ लागला. तेवढ्यात चहा हिंदकळून बशीत सांडला. वैष्णवी कप फार भरते.